फिल्म, विकासक आणि सावलीतला चेहरा

कृष्णधवल छायाचित्रणात निवड दोनदा करावी लागते. एकदा उजेडात आणि एकदा काळोखात. उजेडात फिल्म निवडली जाते, काळोखात विकासक. पहिली निवड करताना चित्र अद्याप घडलेले नसते. दुसरी करताना ते घडलेले असते, पण दिसत नसते. या दोहोंच्या मधल्या काळात फिल्मवरील जिलेटिनच्या थरात जी प्रतिमा वास करते, तिला शास्त्रात सुप्त प्रतिमा म्हणतात. प्रकाशाचा स्पर्श झालेल्या रजतलवणाच्या स्फटिकावर चांदीचे मोजके अणू सुटे झालेले असतात, एवढाच तिच्या अस्तित्वाचा पुरावा. विकासक हा पुरावा ग्राह्य मानून त्या सबंध स्फटिकाची चांदी करतो, आणि ज्या स्फटिकापाशी असा पुरावा नाही त्याला तो हात लावीत नाही. पुढे हायपोचे द्रावण या उरलेल्या स्फटिकांना विरघळवून टाकते. जे नोंदले गेले नाही ते कायमचे गेले.

या विद्येच्या वाटेला लागलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हा, की सर्वांत चांगली फिल्म कोणती आणि सर्वांत चांगला विकासक कोणता. प्रश्न साधा आहे, पण अपुरा आहे. कोणत्या उजेडासाठी, कोणत्या विषयासाठी आणि विशेषतः कोणाच्या चेहऱ्यासाठी, हे त्यात सांगितलेले नसते. ते सांगितल्यावाचून उत्तर देणे म्हणजे प्रहर न पाहता राग सुचविण्यासारखे आहे. शिवाय फिल्म आणि विकासक यांची निवड वेगवेगळी करताच येत नाही. डब्यावर छापलेला वेगाचा आकडा हा फिल्मचा जन्मजात गुण असल्यासारखा वाचला जातो. वस्तुतः तो विशिष्ट रीतीने विकसित केलेल्या फिल्मचा आकडा असतो. विकासक बदलला की आकडाही थोडाफार सरकतो.

फिल्मपुरते बोलायचे तर तिचे स्वभावविशेष तीन: वेग, कण आणि रंगांविषयीची संवेदना. वेगवान फिल्मचे स्फटिक मोठे असतात, म्हणून ती अंधुक उजेडात पाहू शकते. पण मोठ्या स्फटिकांची चांदीही भरड दिसते. संथ फिल्मचे कण बारीक, परंतु तिला उजेड मुबलक लागतो. १९५४ साली ३५ मिलिमीटरमध्ये आलेली कोडॅकची ट्राय-एक्स आणि इल्फर्डची एचपी५ या चारशे वेगाच्या फिल्म पहिल्या कुळातल्या. इल्फर्डची पॅन एफ दुसऱ्या कुळातली. १९८६ साली कोडॅकने टी-मॅक्स ही चपट्या स्फटिकांची फिल्म आणली तेव्हा या जुन्या व्यवहारात थोडी सूट मिळाली. चारशेच्या वेगात पूर्वीपेक्षा बारीक कण मिळू लागला. मात्र या नव्या फिल्म वेळेतील आणि तापमानातील चुका जुन्या फिल्मइतक्या सहजपणे पोटात घालीत नाहीत, असा अनेकांचा अनुभव आहे.

तिसरा विशेष, म्हणजे रंगसंवेदना, हा सर्वांत कमी बोलला जाणारा आणि या देशात सर्वांत अधिक परिणाम करणारा आहे. रजतलवण स्वभावतः निळ्या प्रकाशालाच जागते. १८७३ साली हेर्मान फोगेल याने योग्य रंगद्रव्य मिसळून त्याला हिरव्या बाजूकडे पाहावयास शिकविले; तांबड्यासह सर्व रंगांना जागणाऱ्या सर्ववर्णी काचा १९०६ साली लंडनजवळच्या रॅटन आणि वेनराइट या कंपनीने बाजारात आणल्या. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि सरस्वतीबाईंनी घरातच फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे काम अंगावर घेतले, त्या काळी चलच्चित्रासाठी मिळणाऱ्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळे उमटे, तांबडे लुगडे काळे उमटे, आणि गव्हाळ किंवा सावळी त्वचा होती त्याहून गडद व राठ दिसे. अशा फिल्मचा एक मोठा गुण होता: तांबड्या दिव्याच्या उजेडात ती डोळ्यांदेखत धुता येई, चित्र पुरेसे भरले की बाहेर काढावे, इतके सोपे. सर्ववर्णी फिल्म चित्रपटसृष्टीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात स्वीकारली. चेहरे निवळले, परंतु तांबडा दिवा मालवावा लागला. डोळ्यांची जागा घड्याळ आणि तापमापक यांनी घेतली. विकासकाची निवड खऱ्या अर्थाने आंधळी झाली ती तेव्हापासून, आणि म्हणूनच ती विचारपूर्वक करण्याची गरजही तेव्हापासूनची.

विकासक म्हणजे अखेर एक पाककृतीच. १९२७ साली कोडॅकने चलच्चित्राच्या फिल्मसाठी सिद्ध केलेला डी-७६ अद्याप वापरात आहे. इल्फर्डचा आयडी-११ हे त्याचेच दुसरे नाव म्हणावयास हरकत नाही. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल लवकर कामाला लागते आणि छायेतील तपशील हळुवारपणे वर आणते. हायड्रोक्विनोन उशिरा पण जोमाने उजळ भागांना घनता देते. बोरॅक्स द्रावणाला मंद अल्कता पुरवितो. सल्फाइट विकासकाला हवेपासून राखते आणि इतक्या मोठ्या प्रमाणात असल्यामुळे स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून कण मृदू करते. घटक घालण्याचा क्रमही ठरलेला आहे. मेटॉल आधी विरघळवावे, सल्फाइट मागाहून. क्रम उलटला तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. परदेशी डबाबंद विकासक दुर्मिळ व महाग असण्याच्या काळात तालुक्याच्या गावचा स्टुडिओवाला रसायनांच्या दुकानातून ही द्रव्ये सुटी आणून सोनाराच्या काळजीने तोलीत असे. पुस्तकी रसायनशास्त्र त्याला येत नसेल, पण कोणत्या घटकाने चित्रात काय होते हे त्याला हाताने माहीत होते.

डी-७६ ला शेजारी हवा म्हणून रोडिनाल पाहावा. आग्फाने तो १८९१ साली बाजारात आणला. तो दाट द्रव पंचवीस, पन्नास, प्रसंगी शंभर पट पाण्यात मिसळून वापरतात. इतक्या विरल द्रावणात कणांच्या कडा विरघळविण्याइतके सल्फाइट उरत नाही. त्यामुळे कण आहे तसा, लपवाछपवी न करता समोर येतो आणि रेषा धारदार होतात. संथ फिल्मवर हा विकासक पाषाणाची पोत अशी उभी करतो की वेरूळच्या बेसाल्टवरील छिन्नीच्या खुणा मोजाव्यात. तोच विकासक वेगवान फिल्मवर वापरला तर म्हाताऱ्या माणसाच्या गालावर वाळू पसरल्यासारखी वाटते. कोणाला तीच हवी असते. यात चांगले-वाईट नाही, औचित्य आहे.

या सर्व पाककृती एका गृहीतावर उभ्या आहेत: पाणी वीस अंश सेल्सियसचे असावे. युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना हे गृहीत स्वाभाविक होते. विदर्भात मे महिन्यात नळाचे पाणी तीस अंशांच्या वर जाते, आणि तेथून निवडीचा प्रश्न वेगळाच होतो. एचपी५ प्लस ही फिल्म मूळ तीव्रतेच्या आयडी-११ मध्ये वीस अंशांवर साडेसात मिनिटे ठेवावी असे उत्पादक सांगतो. चोवीस अंशांवर ही वेळ पाच मिनिटांच्या आसपास येते. तीस अंशांवर ती इतकी आखूड होते की डब्यात द्रावण ओतण्या-काढण्यातच चित्राचे भवितव्य विषम होऊन जाते. म्हणून उष्ण प्रदेशातला जाणता छायाचित्रकार तोच विकासक समभाग पाण्यात विरल करून घेतो. वीस अंशांवर मग तेरा मिनिटे लागतात, चोवीस अंशांवर सुमारे नऊ. हात आवरता राहतो. बर्फ मिळत नसे तेथे माठ कामाला येई. द्रावणाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चोख चाले. रत्नागिरीच्या दमट हवेत मात्र ओले फडके वाळतही नसे आणि बाटली निवतही नसे. विकासक, स्थिरक आणि धुण्याचे पाणी या सर्वांचे तापमान जवळपास सारखे राखणे तर अत्यावश्यकच. थंड द्रावणातून एकदम कोमट पाण्यात गेलेल्या फिल्मचे जिलेटिन फुगून त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात, आणि त्यांवर इलाज नाही.

येथवरची चर्चा कसबाची झाली. परंतु फिल्म आणि विकासक यांच्या निवडीत कसबापलीकडचेही काही गुंतलेले असते. ते पाहण्यासाठी या देशातले एक नित्याचे दृश्य पुरे आहे. दुपारी बाराचे ऊन, अंगात पांढरा सदरा, डोक्याला पांढरे पागोटे, आणि पागोट्याच्या सावलीत एक सावळा चेहरा. उन्हातले पांढरे कापड आणि सावलीतली सावळी त्वचा यांच्या तेजात सहा स्टॉपांचे, म्हणजे चौसष्ट पटींचे अंतर सहज पडते. प्रकाशमापक यंत्र विचार करीत नाही. समोर जे असेल त्याची सरासरी मध्यम करडी मानते. ते कापडावर विसंबले तर कापड सुरेख येते आणि चेहऱ्याच्या जागी एक काळा डाग राहतो. पागोट्याच्या घड्या मोजता येतात, डोळे दिसत नाहीत.

जुन्या छायाचित्रकारांनी यावर एक सूत्र सांगून ठेवले आहे: प्रकाश द्यावा तो छायेसाठी, विकास करावा तो उजेडासाठी. त्यामागचे कारण रासायनिक आहे. छायेच्या भागात थोडेच स्फटिक जागे झालेले असतात. त्यांचे काम विकासाच्या पहिल्या काही मिनिटांत बहुतेक आटोपते. उजळ भागातले असंख्य स्फटिक मात्र शेवटपर्यंत चांदी होत राहतात. म्हणजे छायेत काय राहील हे मुख्यतः कॅमेऱ्यात ठरते आणि उजेड किती चढेल हे डब्यात ठरते. तेव्हा चारशेच्या फिल्मला दोनशेची समजून दुप्पट प्रकाश द्यावा आणि विकासाची वेळ सुमारे एक पंचमांशाने कमी करावी. चेहरा उघडतो आणि कापडही भाजत नाही. कापड थोडे चढले तरी छापताना त्याला अधिक प्रकाश देऊन आवरता येते. चेहऱ्याच्या जागी निगेटिव्हवर कोरी, पारदर्शक फिल्म असेल तर जगातला कोणताही कागद तेथे डोळे आणू शकत नाही. दोन चुकांतले हे वैषम्य ज्याने ओळखले त्याने निवडीचे मर्म ओळखले.

१९४० च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी लॉस एंजेलिस येथील आर्ट सेंटर स्कूलमध्ये हेच सूत्र शून्य ते दहा अशा करड्या रंगाच्या पायऱ्यांमध्ये बांधले. त्या कोष्टकात उन्हातल्या गोऱ्या त्वचेला सहावी पायरी दिलेली आहे आणि गडद त्वचेला पाचवी. कोष्टक निर्दोष आहे. पण ते ज्यांच्यावरून लावले ती माणसे वेगळी, त्यांचे ऊनही वेगळे. बिदर, बस्तर किंवा बालाघाट येथे काम करणाऱ्याला ते समोरच्या माणसावरून पुन्हा लावून घ्यावे लागते. पागोट्याखालचा चेहरा चौथ्या पायरीवर ठेवायचा की तिसरीवर जाऊ द्यायचा, हा निर्णय कोणतेही पुस्तक त्याच्यासाठी घेत नाही.

या निर्णयाला दुसरीही एक बाजू आहे. पेशेवर स्टुडिओंत चेहरा उजळ करून देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करून तेथली घनता वाढवायची, म्हणजे छापात वर्ण गोरा दिसतो. विवाहेच्छू मुलींच्या कितीतरी छबींना हा उपचार झाला. छायेतल्या चेहऱ्याला न्याय देणे म्हणजे त्याला गोरे करणे नव्हे, हे येथे स्पष्टच म्हटले पाहिजे. काळा असणे आणि कोरा असणे यांत महदंतर आहे. काळ्या रंगातही पायऱ्या असतात; कपाळावरचा घाम, गालफडाचे हाड, डोळ्यांतले पाणी ही सर्व त्या पायऱ्यांवरच उभी असतात. योग्य फिल्म आणि योग्य विकासक यांचे काम त्या पायऱ्या टिकविणे, एवढेच. पेन्सिलीने गोरी केलेली मुलगी आणि अपुऱ्या प्रकाशात विरून गेलेला मजूर, दोघेही आपापल्या छायाचित्रातून सारखेच हद्दपार झालेले असतात.

चित्रपटाच्या माणसांनी याच प्रश्नाचे उत्तर प्रकाशयोजनेत शोधले. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’मध्ये बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्यातील स्टुडिओत उभारलेले होते, सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणून त्यावरून दिवे परावर्तित केले आणि आकाशातून उतरणारा मऊ उजेड निर्माण केला. रस्त्यावरच्या छायाचित्रकाराला आकाशाखाली कापड ताणता येत नाही. त्याचे पांढरे कापड म्हणजे त्याचा विकासक.

वृत्तपत्रीय छायाचित्रणात नेमकी उलट रीत रूढ झाली. अंधाऱ्या सभागृहात चारशेची फिल्म सोळाशेची समजून वापरायची आणि विकासाची वेळ वाढवून चित्र खेचून काढायचे. निकडीच्या वेळी याला पर्याय नव्हता, आणि अनेक ऐतिहासिक क्षण अशाच रीतीने हाती लागले. परंतु या सौद्यात किंमत कोण देते हे पाहिले पाहिजे. वाढीव विकासाने उजेड वाढतो. छाया, जिला प्रकाशच मिळाला नाही, तशीच रिकामी राहते. दिव्याखाली उभ्या असलेल्या वक्त्याचा पांढरा झब्बा झगझगतो आणि मागच्या रांगांतले श्रोते एकाकार काळोख होऊन जातात. तंत्राने कोणाचाही अपमान करावयाचे ठरविलेले नसते. पण न ठरविताही तो झालेला असतो.

तथापि प्रत्येक चित्रात मार्दवच असावे, असा याचा अर्थ नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची सुनील जाना यांनी घेतलेली छायाचित्रे ज्याने पाहिली आहेत, तो कृष्णधवलातील काळ्याचे सामर्थ्य नाकारणार नाही. काही विषय कठोर काळा मागतात. कोकणातल्या आषाढी उजेडाची गोष्ट तर आणखी निराळी. तेथे आभाळ, भाताची खाचरे आणि इरली पांघरलेली माणसे ही सर्व दोन-तीन पायऱ्यांतच मावतात. नेहमीपेक्षा कमी विकास केला तर चित्र पातळ ताकासारखे होते. तेथे वेळ वाढवावी लागते. एकच फिल्म, एकच विकासक; वैशाखात मिनिटे कमी, आषाढात अधिक. अडचण येते ती छत्तीस चित्रांच्या गुंडाळीत. मोठ्या कॅमेऱ्यातल्या सुट्या फिल्मला प्रत्येकी स्वतंत्र विकास देता येतो. गुंडाळीतल्या छत्तीसही चित्रांचे दैव एकाच डब्यात बांधलेले असते. एका चित्रासाठी इतरांचा बळी द्यावयाचा की सर्वांना थोडे थोडे उणे करावयाचे, हा विचार काळोखात शिरण्यापूर्वीच करून ठेवावा लागतो.

निवडीची ही चर्चा करताना, निवडीला वावच नव्हता असाही एक काळ येथे होऊन गेला, हे विसरता येत नाही. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरचे निर्बंध यांमुळे हवी ती फिल्म मिळणे दैवाधीन असे. पूर्व जर्मनीतील वुल्फेन येथे बनणारी ओर्वो त्यातल्या त्यात हाती लागे. तिच्या नावातला आकडा वेग सांगे. एनपी २० म्हणजे ऐंशीची आणि एनपी २७ म्हणजे चारशेची. १९६० साली उटकमंड येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी उद्योगाने १९६७ पासून उत्पादन सुरू केले आणि ‘इंदू’ हे नाव घरोघर नेले. तो कारखाना आता बंद आहे. मोठ्या डब्यातली लांब फिल्म आणून काळोखात हाताने कापून काडतुसांत भरणे हा तेव्हा अनेकांचा रात्रीचा उद्योग होता. जी मिळेल तिचा स्वभाव समजून घ्यावयाचा आणि विकासकात दोन-चार मिनिटांचा फेर करून तिच्याकडून काम करून घ्यावयाचे. त्या अभावाने एक शहाणपण दिले: फिल्म बदलत राहणारा माणूस फिल्मविषयी बरेच जाणतो, आणि एकाच फिल्मबरोबर दोन-तीन वर्षे काढणारा उजेडाविषयी जाणतो.

आता ट्राय-एक्स आहे, एचपी५ प्लस आहे, चेक देशातली फोमापॅन आहे. दर मात्र असे की प्रत्येक चित्र काढण्यापूर्वी हात थबकतो. आणि जे आहे ते राहीलच याचीही शाश्वती नाही. कोडॅकची प्लस-एक्स २०११ साली थांबली. फुजीची ॲक्रोस २०१८ साली थांबून पुढच्या वर्षी नव्या रूपात परतली. ॲडम्स तरुणपणी पियानोवादक होण्याच्या मार्गावर होता. निगेटिव्हला तो स्वरलिपीची आणि छापाला वादनाची उपमा देई. ज्या संगीतात स्वरलिपी ही केवळ स्मरणाची खूण असते, त्या संगीताच्या माणसाला निगेटिव्ह ही बंदिशीसारखी वाटेल. बंदिशीत जे शब्द नाहीत ते गायकाला गाता येत नाहीत, पण जे आहेत ते तो जन्मभर निरनिराळ्या तऱ्हांनी मांडू शकतो. छायेतला तपशील बंदिशीत असला पाहिजे. तो छापात किती उलगडावा हे नंतर, कदाचित दुसऱ्याच कोणी, ठरवावे.

तो दुसरा कोणी पुढच्या पिढीतला असण्याचा संभव मोठा आहे. गावोगावच्या स्टुडिओंत पावसाळ्याची बुरशी लागलेल्या निगेटिव्हांची खोकी पडून आहेत. कित्येक तर त्यांतल्या चांदीसाठी भंगारात गेली. ज्या उरल्या त्यांतल्या काहींच्या पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलेली एखादी ओळ सापडते: फिल्मचे नाव, विकासक, विरलता, अंश, मिनिटे. ती वाचून अनोळखी माणूसही ती निगेटिव्ह दिव्यासमोर धरतो तेव्हा त्याला कोठे पाहावे हे कळते. उलट्या जगातल्या काळ्याभोर पागोट्याखाली, चेहऱ्याच्या फिकट जागेत, बारीक करडे तपशील आहेत की नाहीत, एवढेच त्याला आधी शोधावयाचे असते.